तो बघ काऊ

आपल्याकडे मूल जेवू घालण्याची सगळी विद्या एका भरवशावर चालते. आपण बोट दाखवलं की मूल तिकडे बघणार. ‘तो बघ काऊ’ म्हटलं की मान वळते, तोंड उघडं राहतं आणि तेवढ्यात मऊ भाताचा घास आत जातो. एक काऊचा, एक चिऊचा, एक दारातल्या मनीचा. गोव्यात त्यात सायकलवरून पोंपों वाजवत येणाऱ्या पोदेराचाही, म्हणजे पाववाल्याचाही, एक घास असतो. आयांनी, आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं आणि त्यात काही विशेष घडतंय असं कुणाला वाटलं नाही.

घडतं मात्र बरंच. मूल आधी बोट बघतं. मग बोटाच्या पुढची, डोळ्यांना न दिसणारी वाट धरून माडावरच्या कावळ्यापर्यंत पोचतं. तिथेही न थांबता परत फिरून आपल्या तोंडाकडे बघतं. ‘दिसला’, एवढंच त्या बघण्यात असतं. मूल, माणूस आणि कावळा अशी तिन्ही टोकं एका क्षणात जोडली जातात. थेरपिस्ट मंडळी याला जॉइंट अटेन्शन म्हणतात. मोठ्या माणसाची नजर जिकडे वळते तिकडे वर्षाच्या आतलं मूलही नजर वळवतं, हे स्केफ आणि ब्रूनर या दोघांनी १९७५ साली प्रयोग करून दाखवलं. आमच्या फोंड्याकडच्या कुठल्याही आजीने ते त्यांना फुकटात सांगितलं असतं. पण ही गोष्ट मोजण्याजोगी आहे, आणि ऑटिझम, म्हणजे मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात, तो असलेल्या मुलांत ती वेगळ्या वाटेने येते, हे मात्र आज्यांना ठाऊक नव्हतं.

माझ्या नातीला घरात सगळे बाय म्हणतात. बाय कावळ्याशिवाय जेवायची. मी माडाकडे बोट केलं की ती माझ्या मनगटातल्या बांगड्या बघायची. बांगड्या पुढेमागे झाल्या की हसायची, अगदी खळखळून. म्हणजे मूल उदास नव्हतं, सुस्त नव्हतं. भातही पोटात जात होता. आई-बाप दोघेही पणजीला नोकरीला, त्यामुळे दिवसभर ती माझ्यापाशी. मला सोबत होती आणि तिला बांगड्या होत्या.

बोट दाखवण्याचे दोन प्रकार आहेत, हे मला नातीच्या निमित्ताने कळलं. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत झाली खरी, पण माझ्या वर्गात मूल यायचं ते सगळी बोटं दाखवून झाल्यावरच. तर एक बोट मागण्याचं. ‘तो बिस्किटाचा डबा खाली काढ.’ दुसरं दाखवण्याचं. ‘ते बघ विमान.’ विमान कुणाला नको असतं, ते मिळणारही नसतं. मुलाला एवढंच हवं असतं की मला जे दिसलं ते तुलाही दिसावं. एलिझाबेथ बेट्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९७५च्या सुमारास हा फरक मांडला. ऑटिझम असलेल्या लहानग्यांत पहिलं बोट कमीअधिक प्रमाणात येतं, दुसरं बहुधा उशिरा येतं, विरळ येतं, कधी फार काळ येतच नाही. दीड वर्षाच्या मुलाबद्दल एकच प्रश्न विचारायची मुभा मिळाली तर मी हा विचारीन: ते तुम्हाला उगाचच काही दाखवतं का?

बायचं मागणंसुद्धा बोटाने नव्हतं. फ्रिजमधलं दही हवं असलं की ती आईचं मनगट धरायची, ओढत न्यायची आणि आईचा हात फ्रिजच्या दांड्यावर ठेवायची. तोंडाकडे बघायची नाही. सुनेला प्रथम कोड्यात टाकलं ते या हाताने. “आई, ती मला नेत नाही हो, माझ्या हाताला नेते,” असं ती एकदा म्हणाली. पुढे जे जे कागद वाचले, जे जे डॉक्टर भेटले, त्यांतलं कुणी हे इतकं नेमकं बोललं नाही.

लोक वाट बघतात ती शब्दांची. मूल बोलत नाही म्हणून घर जागं होतं, तोवर दोन वर्षं उलटलेली असतात. पण शब्दाच्या आधी मुलाचा केवढातरी व्यवहार होऊन गेलेला असतो. दीड-दोन महिन्यांचं बाळ समोरच्या चेहऱ्याला बघून हसतं. पाळण्यातलं झोपेतलं हसू वेगळं, ते सटवाई हसवते म्हणतात. हे जागेपणीचं, उत्तरादाखल आलेलं हसू. काही महिन्यांतच बाळाला या देवघेवीची इतकी सवय होते की ती तुटली तर ते बेचैन होतं. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात आयांना सांगितलं की बाळाशी छान खेळा आणि मग एकाएकी चेहरा कोरा ठेवून नुसत्या बसा. बाळं आधी हसून बघतात, हात उडवतात, हुंकारतात, आणि आई तरीही दगडच राहिली की तोंड फिरवतात, रडतात. आठव्या-नवव्या महिन्यात परका माणूस बघून ओठ काढतात. वर्षाच्या आसपास तर आईचा चेहरा चक्क सल्ला मागायला वापरतात. १९८५ सालचा एक प्रयोग आहे. काचेच्या टेबलाखाली सुमारे तीस सेंटिमीटर खोल पायरी दिसते, पलीकडे आई उभी. आईच्या चेहऱ्यावर आनंद असला तेव्हा १९पैकी १४ बाळं काच ओलांडून आली. भीती असली तेव्हा १७पैकी एकही आलं नाही. आईने तोंडातून शब्द काढलेला नव्हता.

आता ऑटिझमचं. मला वाटायचं की अशी मुलं जन्मतःच माणसांकडे पाठ फिरवून येत असतील. तसं नाही निघालं. वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी दोन महिन्यांच्या बाळांपासून सुरुवात करून ती पडद्यावरच्या माणसाच्या चेहऱ्यात नेमकं काय बघतात ते यंत्राने टिपलं आणि पुढे काही वर्षं त्यांचा माग ठेवला. २०१३ साली ते छापून आलं. ज्यांना पुढे ऑटिझमचं निदान झालं ती बाळं दुसऱ्या महिन्यात डोळ्यांकडे इतरांइतकीच बघत होती. त्यानंतर, दोन ते सहा महिन्यांच्या मधे, त्यांचं ते बघणं हळूहळू उतरत गेलं. अभ्यासातली मुलं थोडी होती, म्हणून त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. तरी मला त्यातली एक गोष्ट सोडत नाही. सुरुवात सारखीच असते, आणि उतार इतका मंद असतो की रोज अंघोळ घालणाऱ्या माणसालाही तो जाणवू नये.

सगळ्यांचं असंच होतं असंही नाही. सुमारे एक तृतीयांश मुलांत काही आलेलं परत जातं. दहा-पंधरा शब्द बोलणारं, टाटा करणारं मूल दीड-दोन वर्षांचं असताना गप्प होतं. त्या घरांवर काय गुजरत असेल याची मला कल्पना करवत नाही. बायचं काही गेलं नाही. तिचं काही काही आलंच नव्हतं.

तिच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ आहे. हल्ली सगळ्यांच्याच घरी असतो. १९९४ साली ऑस्टरलिंग आणि डॉसन या दोघींनी अशाच घरगुती वाढदिवसांच्या चित्रफिती गोळा केल्या होत्या. पुढे ऑटिझम निघालेल्या ११ मुलांच्या आणि तसं काही नसलेल्या ११ मुलांच्या. फितीत काय बघायचं, तर मूल माणसांच्या तोंडाकडे किती बघतं, वस्तू उचलून दाखवतं का, बोट करतं का, हाक मारली की वळतं का. एवढ्यावरून दोन्हीकडच्या दहा-दहा मुलांची ओळख बरोबर पटली. हे वाचल्यावर आमच्या घरी तो व्हिडिओ पुन्हा लागणार हे उघडच होतं.

हॉलभर माणसं. केकवर मिकी माऊस. माझी नणंद ‘बाय, बाय, हांगा पळय’, इकडे बघ, करून घसा बसवते आहे आणि बाय खुर्चीला बांधलेल्या फुग्याची रिबीन बोटांवर गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. मामाने तिला वर उडवलं तेव्हा मात्र आनंदाने किंचाळली, त्याच्या शर्टाला घट्ट धरून राहिली. खाली ठेवल्यावर त्याच्याकडे बघून ‘आणखी’ म्हणेल, हात वर करेल, असं सगळ्यांना वाटत होतं, व्हिडिओ काढणाराही थांबला होता. ती रिबिनीकडे गेली. हे आज बघताना ढळढळीत दिसतं. पण त्याच व्हिडिओत जाऊबाईंचा नातू आहे, तोही हाकेला वळत नाही, त्याला केक दिसतोय. तो आज शाळेत बाईंना बोलू देत नाही. एका संध्याकाळवरून मूल ओळखता येत नाही. त्या दोघींनीही एकेका हालचालीवरून काही ठरवलं नव्हतं, सगळ्या मिळून काय सांगतात ते पाहिलं होतं.

बाय मुलगी असल्याने आणखी एक पडदा होता. ऑटिझमचं निदान मुलग्यांत मुलींच्या साधारण चौपट होतं असं आकडे सांगतात, आणि त्यात मुली नजरेतून सुटण्याचाही वाटा आहे हे आता जाणकार मान्य करतात. आपल्याकडे तर गप्प बसणारी, एकाच जागी तासन्‌तास खेळणारी, परक्याकडे न रडता जाणारी मुलगी म्हणजे गुणाची मुलगी. सगळ्या वाड्याने बायचं कौतुक केलं. ‘किती शाणें!’ तिला परका आणि घरचा यांत तेव्हा फारसं डावं-उजवं करायचं नव्हतं, याचं ते कौतुक होतं.

मग सल्ले. शेजारच्या वैनी म्हणाल्या, “उलयतलें गो तें, भियेनाका.” बोलेल गं ते, घाबरू नको. कुणाचा तरी मामा पाच वर्षांपर्यंत बोलला नव्हता आणि आज बँकेत मॅनेजर आहे. हा मामा प्रत्येक घरात असतो. कौल मागायला ग्रामदेवतेला पाकळ्या लावून झाल्या, उजवी पाकळी पडली, सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. काहींनी मोबाइलवर बिल फाडलं, काहींनी सुनेच्या नोकरीवर. आणि ज्यांना यांतलं काही पटत नव्हतं त्यांनी भाषांवर. घरात मराठी, शेजारी आणि दुकानात कोंकणी, बालवाडीत इंग्रजी, मूल गोंधळणार नाही तर काय! एका क्लिनिकात आम्हाला सरळ सांगण्यात आलं की घरात आता फक्त इंग्रजी बोला. म्हणजे मी माझ्या नातीशी काय बोलायचं? ‘कम, ईट’? या विषयावर बऱ्यापैकी अभ्यास झालेले आहेत आणि दोन भाषांत वाढणारी ऑटिझमची मुलं एका भाषेत वाढणाऱ्यांपेक्षा मागे पडतात असं त्यांत आढळलेलं नाही. गोव्यात तर हा सल्ला विशेषच विचित्र. इथे एका भाषेत वाढलेलं मूल शोधायला कंदील घेऊन निघावं लागेल. आणि आजीची भाषा तोडली की आजीच तुटते, ती कमी बोलते, अडखळत बोलते, मुलाला तिच्याकडून मिळणारं आणखीच आटतं.

आधी कान तपासले. हाकेला न वळणाऱ्या मुलाचं पहिलं काम तेच, आणि ते कुणी टाळू नये. बायला झोपवून तिच्या डोक्याला तारा लावल्या, कान ठणठणीत निघाले. तसं घरात कुणाला नवल नव्हतं. लांबच्या खोलीत चॉकलेटचा कागद वाजला तर ती धावत यायची. मग प्रश्नावली. एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी असते, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, होय-नाहीची उत्तरं. मूल तुम्हाला वस्तू आणून दाखवतं का, नुसतं दाखवायला? तुम्ही हसलात तर हसतं का? काही नवं घडलं तर तुमच्या तोंडाकडे बघतं का? माझ्या मुलाने भराभर होय-होय केलं, सुनेने अर्ध्या ठिकाणी त्याचा पेन धरला. यादी निदान करत नाही, पुढे बघायला हवं का एवढंच सांगते, आणि त्यात पुष्कळ मुलं विनाकारणही अडकतात. म्हणून तर दुसऱ्या टप्प्यात माणूस समोर बसून प्रत्येक ‘नाही’ची चौकशी करतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ आणि २४ महिन्यांना अशी चाळणी लावायला सांगते. आपल्याकडे लसीकरणाच्या कार्डावरही मूल कोणत्या महिन्यात काय करतं याची चित्रं असतात. ती चित्रं किती आया वाचतात आणि किती नर्सबाई त्यांवर बोट ठेवून विचारतात, हा वेगळा प्रश्न. लस दिली, वजन केलं, पुढची तारीख.

निदान झालं तेव्हा ती अडीच वर्षांची होती. त्या दिवसाचं वर्णन करत नाही.

मला राग आला तो जुन्या पुस्तकी इतिहासाचा. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवरचा तो पहिला प्रसिद्ध लेख लिहिला तेव्हा ही मुलं माणसांशी भावनेचा धागा जुळवण्याची जन्मजात क्षमता न घेता येतात, असं म्हटलं. ‘जन्मजात’ म्हणताना त्याच लेखात आई-बाप थोडे कोरडे असल्याचंही टिपून ठेवलं. पुढच्या वीसेक वर्षांत त्या टिपणाचं झाड झालं, थंड आयांमुळे मुलं अशी होतात म्हणे. ब्रूनो बेटलहाइम यांनी ते घरोघर पोचवलं. बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः अशा एका मुलाचे बाप होते, १९६४ साली त्याचा पाया उखडला. आज ते कुणी जाणकार मानत नाही. पण ‘आई नोकरी करते ना’ हे वाक्य फोंड्याच्या बाजारात कानावर पडतं तेव्हा बेटलहाइम इथे भाजी घ्यायला आल्यासारखे वाटतात.

मूल आईला ओळखतच नाही, त्याला माया नाही, हेही असंच. आई खोलीतून गेली आणि परत आली की मूल काय करतं, हे बघण्याची एक ठरलेली रीत आहे. मॅरियन सिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ती ऑटिझमच्या मुलांवर वापरली. मुलं परक्या बाईपेक्षा आईकडेच वळली, ती परतल्यावर तिच्या जवळ गेली. नंतरचे अभ्यास एकत्र करून बघितले तर यांतली निम्म्याच्या आसपास मुलं आईशी अगदी भरवशाच्या नात्याने बांधलेली आढळतात. आमच्या घरी हे कळायला अभ्यास लागला नसता, फक्त बघायचं कुठे हे कळायला हवं होतं. सून संध्याकाळी बसमधून उतरून अंगणात आली की बाय तिच्याकडे धावत नसे. पण सुनेने चपला काढून बाल्कांवातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, सोप्यावर टेकायचं अवकाश, बाय उलटी चालत, पाठ तिच्याकडे करून, मांडीत येऊन बसायची. तोंड रस्त्याकडे. सुनेचे दोन्ही हात ओढून स्वतःच्या पोटावर पट्ट्यासारखे आवळून घ्यायची आणि मग एक मोठा श्वास सोडायची. सून रजेवर असली की पाचच्या सुमारास हे होत नसे. हे प्रेम नव्हे तर मग काय, ते मला कुणी सांगावं. चेहरा दिसत नव्हता, एवढंच.

या सगळ्यात गोव्याचा एक वाटा आहे, आणि तो आपल्याच लोकांना फारसा ठाऊक नाही. भारतात दोन ते नऊ वर्षांच्या मुलांत वाढीचे असे विकार किती, याचा पाच ठिकाणी घरोघर जाऊन अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्या पाचांत उत्तर गोवा होता. त्याहून जवळची गोष्ट ‘पास’ नावाच्या प्रयोगाची. मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन यांच्या गटाने आई-बापांना हाताशी धरून करायची एक पद्धत बसवली होती. पण तिथे ती तज्ज्ञ थेरपिस्ट देतात. आपल्याकडे तेवढे तज्ज्ञ आणायचे कुठून? संगथ या गोव्यातल्या संस्थेने, डॉ. गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी, ती इथल्यासाठी बदलून घेतली आणि साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवली. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी अशा दोन ठिकाणी मिळून ६५ मुलांवर ती तपासली. २०१६च्या ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त तिचे निष्कर्ष आले.

पद्धतीचा गाभा ऐकायला फारच किरकोळ वाटतो. आई आणि मूल खेळत असतात, त्याचा छोटा व्हिडिओ घ्यायचा. मग आईबरोबर बसून तो बघायचा. मूल कुठे बघत होतं, ते कधी वळलं, कधी आवाज काढला, आणि तेव्हा आई काय करत होती. बहुतेक वेळा आई बोलत असते. ‘हा बघ बॉल, बॉल कुठला रंग, लाल, म्हण लाल.’ मुलाने केलेली बारीकशी हालचाल त्या बोलण्याखाली बुडून गेलेली असते. व्हिडिओ थांबवून ती दाखवली की आई स्वतःच म्हणते, अरे, हे तर दिसलंच नव्हतं.

आमच्याकडे येणारी मुलगी याच वळणाचं काम करते. वयाने माझ्या धाकट्या भाचीएवढी. तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “आजी, तुम्ही समोर जमिनीवर बसा आणि बोलू नका.” जन्मभर बोलण्याचा पगार घेतलेल्या बाईला हे सांगायला धीर लागतो. “मग काय करू?” “थांबा. ती काय बघते ते बघा. ती काही करेल, तेव्हा तेवढंच करा. शब्द एकच.”

थांबणं म्हणजे काय ते मला मांडवीच्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातल्या, बांधावर गळ टाकून बसणाऱ्या माणसांवरून कळतं. ती माणसं आळशी दिसतात, पण त्यांचं सगळं अंग दोरीत असतं, आणि दोरी हलण्याआधी जो ओढतो त्याच्या हाती काही लागत नाही. बाय वाटीत डाळीचे दाणे ओतायची, वरून, पुन्हा पुन्हा. मी दुसरी वाटी घेऊन तसेच ओतले. बराच वेळ तिच्या लेखी मी तिथे नव्हते. मग एकदा तिचे दाणे संपले आणि तिने माझ्या वाटीकडे बघितलं. मी “ओत” म्हणून तिच्या वाटीत ओतले. ती थबकली. पुन्हा वाटी पुढे. “ओत.” तिसऱ्या-चौथ्या खेपेला मी ओतायच्या आधी क्षणभर थांबले, तशी तिने वाटीवरून नजर उचलली आणि ती नजर माझ्या तोंडापर्यंत आली. फार वेळ नाही. पण ती हाताकडे आली नव्हती, माझ्याकडे आली होती. सगळ्या घरात डाळ सांडली. तूरडाळ होती, भाव काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

‘पास’च्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष मी सुनेकडून समजावून घेतले, कारण अशा गोष्टींची जाहिरात होते तेव्हा अवघड भाग गाळला जातो. आई-बापांचं मुलाच्या तालाने वागणं खूप सुधारलं, मुलांनी स्वतःहून साद घालणं वाढलं. पण दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र घटलेला दिसला. म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तेच. माझा त्यावर एक आडाखा आहे, शास्त्र नव्हे. आधी आई मुलाच्या मागे लागून त्याचं लक्ष धरून ठेवायची, तिने ते सोडलं तर मिनिटं कमी भरणारच. जी उरली ती मुलाने स्वतः दिलेली. असो. ऑस्ट्रेलियात तर नऊ ते चौदा महिन्यांच्या, काही खुणा दिसणाऱ्या बाळांच्या आई-बापांबरोबर असंच व्हिडिओचं काम झालं. तिसऱ्या वर्षी त्यांतल्या ६.७ टक्के मुलांना निदान मिळालं, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत २०.५ टक्क्यांना. २०२१चा हा अभ्यास. लगेच ‘ऑटिझम टळला’ असे मथळे आले. त्या कामात मुलाला बदलायचं म्हणून काहीच केलेलं नव्हतं, आई-बापांनी त्याचं म्हणणं आधी ओळखायला शिकलं होतं. मुलं वेगळी राहिलीच, पण निदानाची रेघ ओलांडण्याइतकी अडचण त्यांतल्या कमी जणांना आली, असं मी ते वाचते.

नजरेला नजर देण्याचा हट्ट मला म्हणून आवडत नाही. काही ठिकाणी अजून मुलाची हनुवटी धरून ‘लुक ॲट मी’ करतात, बघितलं की बक्षीस म्हणून एक गोड गोळी. मोठेपणी बोलू-लिहू लागलेली ऑटिझमची माणसं सांगतात की डोळ्यांत बघणं त्यांना टोचतं, त्यात शक्ती गेली की ऐकायला उरत नाही. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले इंग्लंडमधले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ साली असं मांडलं की दोघांतला समजुतीचा अडथळा दोन्ही बाजूंनी असतो; यांना आपलं कळत नाही तसं आपल्यालाही यांचं कळत नाही, फरक इतकाच की प्रश्नावली आपण छापतो. बायला माझ्यासाठी एखादी एम-चॅट भरायला दिली तर मी किती प्रश्नांत नापास होईन, याचा मी कधीकधी विचार करते. आजी पंख्याच्या सावलीकडे बघते का? नाही. आजीला कपाटाच्या कडीचा आवाज दुसऱ्या कडीपेक्षा वेगळा वाटतो का? नाही.

गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घर भरलं होतं. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधली की आमच्याकडे छत दिसत नाही. नारळ, सुपारीचे घोस, केळीचा घड, तोरिंग, आंबाडे, लालभडक कवंडळं, आणि रानातून आणलेलं काय काय, ज्यांची नावं आता फक्त मोठ्या दिरांना येतात. संध्याकाळी आरतीला घुमट, शमेळ, कासाळं ही वाद्यं. घुमट म्हणजे तोंडाला चामडं चढवलेलं मातीचं मडकं. बंद खोलीत घुमट वाजतं तेव्हा मोठ्या माणसाच्याही छातीत घुमतं. बायने कानांवर हात ठेवले, मग कपाळ भिंतीवर, मग सून तिला उचलून मागच्या परसात घेऊन गेली. आरती चालू राहिली. देवाची आरती मधेच थांबत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाय माटोळीखाली उताणी पडली होती आणि वर बघत होती. वाऱ्याने सुपाऱ्यांचे घोस हलत होते. पाहुणे ओलांडून जात होते, कुणी म्हणे उचला तिला, देवाकडे पाय करू नये. जाऊबाईंचा तो नातू, केकवाला, येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग तो तिच्या शेजारी आडवा झाला. काही बोलला नाही, जे त्याच्या बाबतीत आश्चर्यच. दोघं बराच वेळ वर बघत होती. त्याला कुणी थेरपी शिकवलेली नाही. त्याने फक्त ती काय बघते ते बघायचं ठरवलं. नंतर तो मला सांगत आला की खालून बघितलं तर कवंडळं फिरतात.

यंदाच्या चवथीची बोलणी आता सुरू झाली आहेत. सुनेने कान झाकायचे हेडफोन मागवलेत, पण बाय ते दोन मिनिटांवर ठेवत नाही. माझं म्हणणं, पहिल्या संध्याकाळची आरती नुसत्या टाळांवर करू आणि घुमट रात्री, ती निजल्यावर. मुलगा म्हणतो, घुमट बाहेर बाल्कांवात वाजवा, आत आवाज कमी येईल. मोठे दीर गप्प आहेत, म्हणजे त्यांचा होकार धरायला हरकत नाही. धाकटे दीर ऐकत नाहीत. घुमट हे लांबून ऐकायचं वाद्य नव्हे, असं ते म्हणतात, आणि ते स्वतः वाजवतात, त्यामुळे त्यांच्या म्हणण्याला वजन आहे. बापाच्या बापापासून देवासमोर बसून वाजवलंय, आता अंगणात बसू? मी त्यांना म्हटलं, भावजी, एक दिवस आधी या, बायला तुमचं घुमट हातात द्या, तिला हवं तसं तिलाच वाजवू द्या, मग बघू. त्यावर त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. घुमटाला नवीन चामडं चढवलंय म्हणतात, आणि पोरीच्या नखांचा भरवसा नाही.